गाडी विकली, पण नाव उतरले का?

श्रीकृष्णाच्या द्वारकेचे केवळ नाव लाभलेले दिल्लीच्या नैऋत्येकडील द्वारका हे उपनगर म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारतींची दाटी. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांचा मुक्काम बहुधा बदलीच्या आदेशापर्यंतचाच असतो. आदेश हाती पडला की सामानाची बांधाबांध, मुलांचे शाळेचे दाखले आणि गाडीचा सौदा ही सारी कामे एकाच पंधरवड्यात उरकावी लागतात. या धांदलीत किल्ली दिली जाते, रक्कम खात्यात जमा होते. नोंदणी प्रमाणपत्रावरील, म्हणजे आरसीवरील नाव मात्र तसेच राहून जाते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिलेले एक प्रकरण या संदर्भात प्रत्येक विक्रेत्याने ध्यानी घ्यावे असे आहे. मूळ मालकाने जुलै २००७ मध्ये गाडी विकली. पुढे ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, पण आरसीवरील नाव बदलले नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. गाडी जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच विकलेल्या त्या गृहस्थांवरच भरपाईचे दायित्व आले. ज्याच्या नावे नोंद तोच मालक, आणि गाडी कोणाकोणाकडे गेली याचा माग काढण्याचे ओझे अपघातग्रस्तावर टाकता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, तीही अनेक हातांतून गेलेली जुनी गाडी होती. तपासात पोलीस प्रथम पोहोचले ते गुरुग्राममधील पूर्वीच्या मालकाकडे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये, तर हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० मध्ये. या नमुन्यांवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची दलालांची जुनी रीत आहे. सोय म्हणून ती दिली जाते. प्रत्यक्षात ते स्वाक्षरी केलेल्या कोऱ्या धनादेशासारखेच आहे. नाव, दिनांक व गाडीचा क्रमांक भरल्याखेरीज सही करू नये. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्या संस्थांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपविताना नमुना २९सी ऑनलाइन दाखल झाला आहे ना, हे पाहावे. तेथून गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याकडे जाते.

आता आमच्या टेबलावर रोज दिसणारी बाब. कर्ज फिटले म्हणजे आरसीवरील बँकेची तारण नोंद आपोआप पुसली जाते, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. बँकेने दिलेले नाहरकत पत्र आणि स्वाक्षरीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात सादर करून ती नोंद रद्द करून घ्यावी लागते. कित्येक ग्राहक हे कागद कपाटात जपून ठेवतात आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर धावाधाव करतात. तोवर पत्राची मुदत उलटलेली असते. खरेदीदारानेही आरसीवर तारण नोंद दिसत असेल तर बयाणा देण्याआधी त्या बँकेकडून थकबाकीची माहिती लेखी मागवावी. चॅसिस व इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत, दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहीत याची खात्री करावी.

विम्याविषयी एवढेच की, तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घेतली पाहिजे. नो क्लेम बोनस विक्रेत्याचाच राहतो, तो नव्या गाडीसाठी वापरता येतो.

गाडी न विकता पुण्याला किंवा नाशिकला न्यावयाची असल्यास दिल्लीच्या कार्यालयाचे नमुना २८ वरील नाहरकत प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी ठेवल्यास नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. तेथील करही भरावा लागतो आणि दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावयाचा असतो. शिवाय गाडीचे वय पाहावे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. २०२५ मध्ये त्यात फेरबदल झाले असून गाडी कोणत्या बीएस मानकाची आहे, यालाही महत्त्व आले आहे. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाडीचे गणित बहुधा येथेच चुकते.

गाडी सोपविताना दिनांक व वेळ घालून, दोघांच्या सह्यांची पोच करावी. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत तिला जोडावी. काचेवरील फास्टॅग बँकेला कळवून बंद करावा. तो आपल्याच खात्याशी जोडलेला असतो आणि नवा मालक जयपूरला निघाला तरी टोल आपल्याच खात्यातून वळता होत राहतो.