मेंदूतला लिम्फोमा : आधी तुकडा, मग स्टेरॉइड

मेंदूतील प्राथमिक लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा, बहुधा बी-लसिकापेशींचा, कर्करोग. तो मेंदू, मज्जारज्जू, त्यांची आवरणे आणि डोळा एवढ्यातच राहतो. गळ्यात किंवा काखेत गाठ येत नाही. मेंदूच्या प्राथमिक गाठींत त्याचे प्रमाण शंभरात दोन ते चार. रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचे. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना तो कमी वयातही गाठतो. तिथे एप्स्टाइन-बार विषाणूचा हात असतो.

हिशेबात कधी न चुकणारा माणूस सुटे पैसे मोजताना अडखळू लागतो, गप्प बसतो, एका पायाने फरफटत चालतो. घरच्यांना वाटते, वय झाले. पण ही घसरण वर्षांची नसते, आठवड्यांची असते.

एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ एकसारखी उजळते, बहुधा मेंदूच्या पोकळ्यांलगत. आपल्याकडे क्षयाच्या गाठीचीही शंका येते. सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू होते आणि निदानाची वाट तिथेच चुकू शकते. हे औषध लिम्फोमाच्या पेशीही मारते. चार दिवसांत रुग्ण नीट बोलू लागतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, गाठ आक्रसते, कधी चित्रातून नाहीशीच होते. त्यानंतर काढलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला ठोस काही सापडत नाही; गाठ मात्र पुढे परतते. म्हणून जिवाला तातडीचा धोका नसेल, तर स्टेरॉइड तुकडा काढेपर्यंत थांबवणेच शहाणपणाचे.

कवटीला बारीक छिद्र पाडून, संगणकाने ठरवलेल्या बिंदूवर सुई नेऊन तुकडे घेतात. पेशी दूरवर पांगलेल्या असल्याने संपूर्ण गाठ कापून हा रोग बरा होत नाही. पाठीतले पाणी, डोळे, एचआयव्ही आणि पेट-सीटी या तपासण्या सोबत होतात.

उपचाराचा कणा म्हणजे मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट : शरीराच्या दर चौरस मीटरला ३ ग्रॅम किंवा अधिक. एवढी मात्रा शिरेतून भराभर दिली, तरच ते रक्त आणि मेंदू यांमधला अडसर ओलांडते. ते पेशींचे फोलेट अडवते. या फोलेटचा माग मुंबईत लागला होता : १९२८पासून ल्यूसी विल्स यांनी इथल्या गिरणीकामगार गर्भवतींचा पंडुरोग अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. आज ल्युकोव्होरिन हे फोलेटचेच रूप साधारण २४ तासांनी देऊन निरोगी पेशी वाचवतात. मूत्रपिंड जपण्यासाठी सलाइन आणि सोडाबायकार्ब चालू असते. परिचारिका लघवीचा सामू पट्टीवर पाहत राहते, तो ७ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. रक्तातली पातळी उतरल्याखेरीज सुट्टी नाही.

सोबत रिटुक्सिमॅब, सायटाराबिन, थायोटेपा यांतील औषधे जोडली जातात. गाठ विरल्यावर प्रकृती झेपत असेल तर स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण करतात. संपूर्ण मेंदूला किरणोत्सर्ग दिल्यास वृद्धांची स्मृती आणि चाल पुढे ढासळते, त्यामुळे त्याचा वापर आता जपून होतो. रोग उलटला तर इब्रुटिनिब किंवा लेनालिडोमाइड या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो.