खाण संपते, पाणी परतते काय?



कारण असेल तर कार्य घडते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत जमीन व पाणी यांनाही लागू पडतो.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम व खडक उकरून बाजूला टाकतात. हेच थर पावसाचे पाणी मुरवून झऱ्यांना व विहिरींना पुरवीत असतात. ते विस्कटले की पाण्याची वाट तुटते. शिवाय आजूबाजूचे भूजल खड्ड्यात उतरते व पंपाने उपसून टाकले जाते. कोरड्या मुलखात ही तूट सहसा लवकर भरून येत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ब्लॅक मेसा नावाचे पठार आहे. ही नवाहो व होपी आदिवासींची भूमी. १९७० ते २००५ या काळात येथील कोळशाचा भुगा पाण्यात कालवून सुमारे ४४० किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातील वीजकेंद्राला पाठविला जाई. त्यासाठी वर्षाकाठी सुमारे ५०० कोटी लिटर गोडे पाणी खोल भूगर्भातून उपसले गेले. हे पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेले. म्हणजे व्याज नव्हे, मुद्दलच खर्ची पडले! वीज दूरच्या शहरांना मिळाली. कित्येक नवाहो कुटुंबे मात्र आजही पिण्याचे पाणी गाडीने वाहून आणतात.

१९७७ च्या अमेरिकन कायद्याने सुपीक माती वेगळी साठविणे, खड्डा भरून जमिनीला पूर्वीसारखा उतार देणे व लागवड करणे बंधनकारक केले. त्याची हमी रक्कमही आधीच घेतली जाते. जेथे वार्षिक पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी, तेथे लागवडीची जबाबदारी ५ ऐवजी १० वर्षे असते. कारण एका चांगल्या पावसात उगवलेले गवत पुढील दुष्काळात टिकेलच असे नाही.

आपल्या चंद्रपूर-यवतमाळ भागात पाऊस अधिक आहे, पण उघड्या कोळसा खाणी तेथेही आहेत. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाणबंदीचा आराखडा व त्यासाठी बँकेत स्वतंत्र एस्क्रो खाते आवश्यक ठरविले. अशा खाणीजवळ राहणाऱ्या सुशिक्षित तरुणांनी माहितीच्या अधिकारात तो आराखडा मागवावा आणि गावाच्या विहिरींची पातळी दरवर्षी नोंदवून ठेवावी.

न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आहे. ज्यांच्या पायाखालचे पाणी गेले, त्यांनी ते दिले होते काय, हा प्रश्न विचारणे हेही शीलपालनच होय.

जयभीम!