इंजिनाचे पथ्य, कन्व्हर्टरचे आयुष्य

१ एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे हा त्याचा पहिला वैरी. तेही २००० साली देशभरच्या पेट्रोल पंपांवरून हद्दपार झाले. मग आजही हे कन्व्हर्टर अकाली का मरतात?

इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधल्या या डब्यात पोळ्यासारखी बारीक सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे इथे कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रोजन होते. हे धातू लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे. दोघांची गाठ घालून देतात, स्वतः तिऱ्हाईतच राहतात. म्हणजे कन्व्हर्टर सहसा आपणहून झिजत नाही. त्याला मारते ते आजारी इंजिन.

सर्वांत मोठा घात होतो तो स्पार्क चुकल्याने. प्लग किंवा कॉइल खराब झाली की कच्चे पेट्रोल तापलेल्या डब्यात जाऊन तिथेच पेटते. जाळी अक्षरशः वितळते आणि धुराची वाट बंद होते. काहीशे रुपयांचा प्लग टाळून कित्येक हजारांचा कन्व्हर्टर गमावण्याचा हा व्यवहार! डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला असेल तर लवकर गॅरेज गाठावे. तो लुकलुकू लागला तर गाडी दामटू नये. बॅटरी उतरली म्हणून पुनःपुन्हा धक्का मारणेही याच कारणाने वाईट.

इंजिन ऑइल पीत असेल, मागून निळसर धूर येत असेल, तर ऑइलमधल्या फॉस्फरसचे पुट जाळीवर चढते. नुसते वरून ऑइल ओतत राहणे हा त्यावर इलाज नव्हे. शिवाय, कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. कोपऱ्यावरून भाजी आणण्यापुरतीच निघणारी गाडी अधूनमधून लांब न्यावी. स्पीडब्रेकरवर पोट घासू देऊ नये. वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. तापलेल्या डब्याने ते पेट घेऊ शकते.

‘आतली जाळीच काढून टाका, गाडी पळेल,’ असा सल्ला देणारे कारागीर भेटतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्यामुळे आपण काय सोडतो आहोत ते मालकाला दिसतही नाही. मागच्या रिक्षात शाळेची मुले असतात, ती ते श्वासावाटे घेतात.

गाडी चढावर ओढेनाशी झाली किंवा खालून डब्यात खडे हलल्यासारखा आवाज आला, तर कन्व्हर्टर तपासून घ्यावा. नवा बसवण्यापूर्वी मात्र जुना कशाने गेला, हे मेकॅनिककडून आधी शोधून घ्यावे. मूळ दोष तसाच राहिला, तर नवाही त्याच वाटेने जाईल.