स्वतःचेच प्रमेय नाकारणारा गणिती

कपातील चहा चमच्याने ढवळावा आणि मग तो निवांत होऊ द्यावा. चहा सलग राहिला, त्याचे थेंब उडून वेगळे झाले नाहीत, असे धरले तर त्यातील निदान एक बिंदू ढवळण्यापूर्वी जेथे होता नेमका तेथेच आलेला असतो. वाचकांस ही गंमत वाटेल; पण गणितात हेच ‘स्थिरबिंदू प्रमेय’ म्हणून मान्यता पावले आहे. पुढे अर्थशास्त्रातही त्याचा उपयोग झाला. जॉन नॅश यांनी १९५१ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याचाच आधार घेतला. हे प्रमेय सिद्ध करणारे डच गणिती म्हणजे लाउट्सेन ब्राउवर. त्यांच्या या यशापेक्षाही, ज्या विचारापायी त्यांनी त्या यशाकडे पाठ फिरवली, तो विचार आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

ब्राउवर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८८१ रोजी रॉटरडॅमजवळील ओव्हरस्खी येथे झाला. वडील शिक्षक होते. अॅमस्टरडॅम विद्यापीठात १९०७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९१२ साली तेथेच ते प्राध्यापक झाले. स्वभाव एकांतप्रिय, काहीसा गूढवादी. शहराचा गलबला सोडून लारेनच्या माळावर झोपडीवजा घरात राहणे त्यांना आवडे. १९४८ साली तत्त्वज्ञान परिषदेतील व्याख्यानात त्यांनी भगवद्गीतेतील वचने उद्धृत केली होती, हे आपल्या वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता मुख्य मुद्दा. कोणतेही विधान एक तर खरे असते, नाही तर खोटे; तिसरी वाट नाही, हे आपण बालपणापासून मानत आलो. ब्राउवर यांनी १९०८ साली लिहिले, की अनंताच्या प्रांतात या नियमावर विसंबता येत नाही. त्यांचेच एक उदाहरण पाहा. वर्तुळाच्या ‘पाय’ या संख्येच्या दशांश अंकांत ०१२३४५६७८९ ही मालिका सलग येते काय? ती सापडली नाही आणि येणे अशक्य आहे असेही सिद्ध झाले नाही, तोवर उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक आधीच ठरलेले आहे, असे म्हणण्याचा आपणांस अधिकार काय? (१९९७ साली संगणकाने ती मालिका शोधून काढली; पण त्याने आक्षेप खोटा पडत नाही, कारण असे दुसरे प्रश्न हवे तितके रचता येतात.) गणितातील वस्तू ‘आहे’ म्हणावयाचे तर ती घडवून दाखवा, हा त्यांचा आग्रह होता. याच मताला पुढे ‘अंतःप्रज्ञावाद’ हे नाव मिळाले.

आणि येथेच पेच आला. स्थिरबिंदू प्रमेयाची सिद्धता अशी, की स्थिर बिंदू नाही असे मानले तर विसंगती उद्भवते, म्हणून तो आहे. कोठे आहे, ते ती सांगत नाही! गुरूच्या कसोटीला गुरूचीच कीर्ती उतरेना.

जर्मनीतील थोर गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी ब्राउवर यांना पूर्वी पुष्कळ साह्य केले होते. पण हा नियम गणितापासून काढून घेणे म्हणजे मुष्टियोद्ध्याला मुठी वापरण्याची बंदी करणे, असे त्यांनी सुनावले. १९२८ साली हिल्बर्ट यांनी ‘माथेमाटिश अनालेन’ या अग्रगण्य नियतकालिकाच्या संपादक मंडळातून ब्राउवर यांना बाहेर काढले. त्यासाठी अखेर जुने मंडळच विसर्जित करावे लागले. आइन्स्टाइनही संपादक होते. त्यांनी या बेडूक-उंदरांच्या युद्धात कोणाचीच बाजू घेतली नाही. आमच्या मते मतभेद निस्तरण्याची ही रीत थोरांना शोभणारी नव्हती. ब्राउवर खचले, नंतर कित्येक वर्षे त्यांनी फारसे लिहिले नाही. शिष्य आरेंड हायटिंग यांनी १९३० साली त्यांच्या तर्काचे नियम सूत्रबद्ध केले. गुरूला सूत्रांचे कौतुक नव्हते, पण सिद्धता तपासणाऱ्या आजच्या संगणकप्रणालींत तो तर्क उपयोगी पडतो आहे.

१९५२ साली, निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडलेले ब्राउवर पुन्हा आपल्या प्रमेयाकडे वळले. यावेळी त्यांनी सिद्ध केले ते एवढेच: तुम्ही सांगाल तितक्या सूक्ष्म अंतराच्या आत, जवळजवळ न हललेला बिंदू काढून दाखवता येतो. ते २ डिसेंबर १९६६ रोजी ब्लारिकुम येथे, घरासमोरील रस्ता ओलांडताना, वाहनाच्या धडकेने निवर्तले. पाठ्यपुस्तकांत त्यांचे प्रमेय अजून जुन्याच रूपात शिकवतात.