सरकता जिना आणि दोन नळ

सकाळी साडेनऊ
आठवीच्या गणिताच्या पूर्वचाचणीचे निकाल आले आहेत. अपूर्णांकांच्या एका प्रश्नात ग्रामीण मुलं बरीच मागे. सहकारी म्हणाले, "पक्षपाती दिसतोय, काढून टाकू या." मी ठेवला. तो भाग शाळेत नीट शिकवलाच नसेल, तर फरक दिसायलाच हवा. प्रश्न काढून तो झाकणं हा मुलांवर दुसरा अन्याय. अमेरिकेत १९८४ साली गोल्डन रूल विमा कंपनीच्या दाव्यात तडजोड झाली, तेव्हा दोन गटांच्या बरोबर उत्तरांच्या टक्केवारीतला फरकच निकष मानला गेला. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या अध्यक्षांनी पुढे ती चूक असल्याचं कबूल केलं.

साडेअकरा
आता खरी तुलना. एकूण गुण सारखे असलेली शहरी आणि ग्रामीण मुलं समोरासमोर ठेवायची: वीस गुणवाली वीसवाल्यांशी, एकवीसवाली एकवीसवाल्यांशी. मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये ही रीत रोगांच्या अभ्यासासाठी मांडली. १९८८ मध्ये हॉलंड आणि थेयर यांनी ती परीक्षांकडे वळवली. अपूर्णांकांचा प्रश्न इथे निर्दोष ठरला. सरकत्या जिन्यावरचा एक प्रश्न मात्र थेट 'क' या सर्वांत मोठ्या फरकाच्या वर्गात. म्हणजे सारख्याच कुवतीच्या मुलांमध्ये बरोबर आणि चूक उत्तरांचं गुणोत्तर एका बाजूला जवळजवळ १.९ पट किंवा त्याहून जास्त झुकलेलं. तो एकूण गुणांतून वगळून पुन्हा गणित केलं, कारण सदोष प्रश्न मोजपट्टीतच राहिला तर बाकीचे प्रश्नही वाकडे दिसतात. निकाल तोच.

पाटाच्या पाण्याचा एक प्रश्न उलट शहरी मुलांना जड गेलाय. त्यालाही हीच कसोटी.

तीन वाजता
आकडा बोट दाखवतो, कारण माणसांनी शोधायचं. प्रश्न असा: जिन्यावर नुसतं उभं राहिलं तर ६० सेकंद, बंद जिना चढून गेलं तर ३०, चालू जिन्यावर चढत गेलं तर किती? ग्रामीण मुलांनी बहुतेक ३० निवडलंय. पेपर काढणारे म्हणाले, "मोबाइलवर सगळं बघतात हल्ली." नंदुरबारकडच्या शिक्षिका म्हणाल्या, "जिना सरकतो हे कळतं हो सर. पण तो नेतोच आहे, तर वर चढायचं कशाला?" यानंतर वाद उरला नाही.

साडेपाच
जिन्याचंच गणित नळांवर: टाकी एका नळाने ६० मिनिटांत भरते, दुसऱ्याने ३०. दोन्ही सोडले तर? उत्तर तेच, २०. पण मजकूर बदलला की प्रश्न नवा. त्यामुळे नळ पुढच्या पूर्वचाचणीत जातील. यंदा जिन्याच्या जागी प्रश्नपेढीतला तपासलेला प्रश्न घेतलाय.