बुगुनांचं रान आणि त्यांच्या नावाचा पक्षी

आसामच्या सीमेवरचं भालुकपोंग मागे पडलं की सपाटी संपते आणि रस्ता अरुणाचलच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातल्या डोंगरांत शिरतो. बोमडिला, तवांगकडे निघालेली वाहनं टेंगा नदीच्या खोऱ्यातून सरळ पुढे जातात. फार थोड्या गाड्या रामलिंगमपाशी मुख्य रस्ता सोडतात. तिथून दक्षिणेकडच्या डोंगरावर एक कच्चा, लष्करी काळातला रस्ता चढतो. चिखल, दरडी आणि अंगावर येणारी वळणं पार करत तो सुमारे २,८०० मीटर उंचीच्या खिंडीत पोचतो आणि पलीकडच्या बाजूने आसामच्या पायथ्याकडे उतरत जातो. या खिंडीचं नाव ईगलनेस्ट आणि तिच्या भोवतालच्या अभयारण्याचंही तेच.

नाव ऐकून इथे गरुडांची घरटी असतील असं वाटतं. ते पडलं मात्र लष्करावरून. १९५०च्या दशकात हा भाग भारतीय सैन्याच्या चौथ्या डिव्हिजनच्या, म्हणजेच ‘रेड ईगल’ डिव्हिजनच्या वावराखाली होता. १९६२च्या चीन युद्धात कामेंगमधल्या आघाडीची जबाबदारी याच डिव्हिजनवर होती. सैन्यासाठी झालेला हा रस्ता पुढे मुख्य वाहतुकीतून बाजूला पडला. त्यामुळे पूर्व हिमालयात सहसा मिळत नाही अशी एक सोय अभ्यासकांना मिळाली. एकाच रस्त्याने, एकाच दिवसात, उष्ण पायथ्यापासून थंड माथ्यापर्यंतचं सलग जंगल पाहता येऊ लागलं.

१९८९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र आहे अवघं २१७ चौरस किलोमीटर. नकाशावर ते चिमुकलं दिसतं. पण त्याची उंची सुमारे ५०० मीटरपासून ३,२५० मीटरपर्यंत जाते आणि सगळी गंमत त्या चढात आहे. खाली खेल्लोंगच्या आसपास धनेश, बांबू आणि दमट सदाहरित झाडी. थोडं वर सेस्नी, मग बोंपू, तिथे ओक आणि शेवाळाने मढलेल्या फांद्या. त्याहून वर ऱ्होडोडेंड्रॉन आणि सूचिपर्णी वृक्ष. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग दक्षिणेच्या उतारावर अडतात आणि तिथेच कोसळतात, उत्तरेकडचा टेंगा खोऱ्याचा उतार तुलनेने कोरडा राहतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून देशावर उतरताना आपल्याला जो फरक जाणवतो, तोच इथे कितीतरी मोठ्या उंचीवर पाहायला मिळतो. एका छोट्या परिसरात हवामानाचे इतके थर एकावर एक रचलेले असल्यामुळे पक्ष्यांच्या चारशेहून अधिक प्रजाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. हत्तीसुद्धा उन्हाळ्यात पायथ्याचं रान सोडून डोंगराच्या वरच्या अंगापर्यंत चढतात. पूर्वेला पक्के व्याघ्र प्रकल्प आणि लगत सेसा ऑर्किड अभयारण्य असल्याने हे रान एकटं पडलेलं नाही.

याच रानातल्या एका पक्ष्याने जगाला ईगलनेस्टचं नाव सांगितलं आणि त्या कथेचा एक धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे.

रमणा अत्रेय हे व्यवसायाने रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जी महाकाय दुर्बीण उभी आहे, ती चालवणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात ते काम करत होते, पुढे पुण्याच्याच ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. पक्षिनिरीक्षणाचा त्यांना ध्यास. जानेवारी १९९५ मध्ये ईगलनेस्टच्या रानात त्यांना एक अनोळखी पक्षी क्षणभर दिसला. भारतीय पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याच्याशी जुळणारा पक्षी नव्हता. त्याच्या जवळचा म्हणावा असा एक पक्षी होता, पण तो राहतो चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एमेई पर्वताच्या परिसरात, हजारहून अधिक किलोमीटर दूर. घाईने दावा करण्याऐवजी अत्रेय थांबले. अनेक वर्षांनी, २००५ साली, तो पक्षी त्यांना पुन्हा दिसला. मे २००६ मध्ये तो जाळीत आला आणि हातात घेऊन बारकाईने पाहता आला.

पक्षी साधारण बावीस सेंटिमीटर लांबीचा. अंग करड्या ऑलिव्ह रंगाचं, डोक्यावर काळी टोपी, डोळ्याच्या पुढे-मागे झळकणारा नारिंगी-पिवळा ठिपका. पंख मिटलेले असले तरी कडेला पिवळे, लाल आणि पांढरे पट्टे दिसतात, शेपटीच्या खाली गडद लाल रंग. एमेईच्या पक्ष्याला अशी ठसठशीत काळी टोपी नाही, त्याचे रंग वेगळे आणि त्याची शीळही वेगळी. हा नवाच पक्षी होता याबद्दल शंका उरली नाही.

प्रश्न पुढचा होता. नवी प्रजाती नोंदवायची तर तिचा एक नमुना संग्रहालयात ठेवायचा, ही शास्त्राची जुनी रीत. सलीम अलींच्या पिढीने बंदुकीने पक्षी टिपून, त्यांची कातडी भरूनच भारताच्या पक्षिशास्त्राचा पाया घातला. डिलन रिप्ले यांनी मिश्मी टेकड्यांतल्या एका चिमुकल्या पक्ष्याचं वर्णन १९४८ साली प्रसिद्ध केलं, तेही अशाच नमुन्यावरून. त्यानंतर भारताच्या मुख्य भूमीवर पूर्णपणे अनोळखी पक्षी सापडण्याची वेळ जवळपास सहा दशकांनी आली होती. पण अत्रेय यांना दिसलेले असे पक्षी सगळे मिळून भरत होते फक्त चौदा. चौदातला एक मारायचा का? त्यांनी मारला नाही. जाळीत आलेल्या पक्ष्यांची मापं घेतली, छायाचित्रं काढली, आवाज ध्वनिमुद्रित केले, गळालेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिले. त्या पिसांच्या, चित्रांच्या आणि आवाजांच्या आधारावर २००६ साली ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. पक्षी जिवंत ठेवूनही शास्त्र काटेकोर राहू शकतं, हे तेव्हा दिसलं.

नाव ठेवण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. अत्रेय यांनी पक्ष्याला ‘बुगुन लिओसिकला’ असं नाव दिलं. ज्यांच्या जमिनीवर तो राहतो, त्या बुगुन जमातीचं.

बुगुन ही अरुणाचलमधली एक लहान जमात. सिंगचुंग, वांघू आणि आसपासच्या गावांत तिची वस्ती आहे आणि संख्या काही हजारांच्या पलीकडे नाही. दर सप्टेंबरात त्यांचा फाम खो हा सण होतो. शेजारी रूपा, शेरगावच्या बाजूला शेरदुकपेन जमातीची गावं. ईगलनेस्टचं रान या दोन्ही जमातींच्या जगण्याशी जोडलेलं आहे. एके काळी या भागात लाकूडतोड हाच कमाईचा मोठा मार्ग होता. १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती बंद पडली आणि अनेक घरांचं उत्पन्न एकदम आटलं. रान वाचलं, पण रानाजवळ राहणाऱ्यांनी काय करायचं हा प्रश्न तसाच उरला. तो सुटलेला नसतानाच या नव्या पक्ष्याची वार्ता त्या गावांत आली.

सगळ्यात महत्त्वाची बाब अशी की लिओसिकला ज्या उतारांवर दिसतो, त्यातला मोठा भाग अभयारण्याच्या हद्दीत नाही. तो लामा कॅम्प नावाच्या जागेभोवतीच्या, बुगुनांच्या सामूहिक मालकीच्या जमिनीवर आहे. पक्ष्याला दाट जुनं जंगलच हवं असंही नाही. दोन हजार मीटरच्या थोडं वर, उतारावरची झुडपं, लहान झाडं आणि पुन्हा वाढू लागलेलं रान त्याला मानवतं. म्हणजे कागदावरचा सरकारी संरक्षणाचा शिक्का जिथे संपतो, तिथे या पक्ष्याचं घर सुरू होतं. त्याचं भवितव्य वन खात्याच्या आदेशापेक्षा गावच्या बैठकीत ठरणार होतं.

गावाने ते ठरवलं. सिंगचुंगचे इंडी ग्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्रेय यांच्याबरोबर लामा कॅम्प आणि बोंपू इथे तंबूंची राहण्याची सोय उभी केली. देशोदेशीचे पक्षिनिरीक्षक येऊ लागले. स्वयंपाक, वाहन, वाटाड्या, सामान वाहणं या सगळ्यांतून गावात पैसा येऊ लागला. मग त्यापुढचं पाऊल उचललं गेलं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा नवा प्रकार आला होता. त्यात जमिनीची मालकी समाजाकडेच राहते आणि व्यवस्थापनही समाजाची समिती पाहते. वन खाते आणि संशोधकांच्या साथीने २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी स्वतःच्या मालकीचं १७ चौरस किलोमीटर रान असं राखीव म्हणून जाहीर करवून घेतलं. गावातले तरुण त्यात गस्त घालतात, शिकार आणि तोड होऊ नये यासाठी फिरतात, प्राण्यांच्या खुणा नोंदवतात. पुढच्याच वर्षी या समितीला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

एखाद्या नव्या प्रजातीचा शोध कधी पुरा होतो? शोधनिबंध छापून आला की शास्त्रासाठी तो पुरा होतो. पण तो प्राणी उद्याही टिकावा असं वाटत असेल, तर तो ज्यांच्या अंगणात राहतो त्यांना त्याचा अभिमान आणि आधार दोन्ही वाटायला हवेत. ईगलनेस्टमध्ये शोधाचा हा दुसरा भाग गावाने पार पाडला आणि म्हणून या जागेचं महत्त्व पक्ष्यांच्या यादीपुरतं नाही.

लिओसिकला इथला एकमेव नवा रहिवासी नाही. पश्चिम कामेंग आणि तवांगच्या पट्ट्यातलं ‘अरुणाचल माकड’ शास्त्राला २००५ साली माहीत झालं. पश्चिम अरुणाचलच्या डोंगरांत २००९ साली पेर आल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांच्या लक्षात आलं की एकच समजल्या जाणाऱ्या एका कस्तुर पक्ष्याची गाणी दोन आहेत. वृक्षरेषेच्या वरच्या उघड्या खडकांवर त्याचा स्वर खरखरीत, तर खाली सूचिपर्णी रानात गोड. पिसं, शरीराची ठेवण, डीएनए, आवाज तपासल्यावर रानातला पक्षी वेगळा ठरला आणि २०१६ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात सलीम अलींचं नाव आलं. २०१९ मध्ये याच जिल्ह्यातल्या रामडा गावाजवळ सापडलेल्या तांबूस तपकिरी सापाची ‘अरुणाचल पिट वायपर’ म्हणून नोंद झाली. ते वर्णन करणाऱ्यांत पुण्याचे सर्पतज्ज्ञ अशोक कॅप्टन आणि पुन्हा रमणा अत्रेय होते.

रात्रीचं ईगलनेस्टही अभ्यासकांना गुंतवून ठेवतं. पुण्याच्या आयसरच्या संशोधकांनी इथे पायथ्यापासून वरपर्यंत ठरावीक उंचीच्या टप्प्यांवर पतंगांचा अभ्यास केला आहे. अंधार पडला की चौकटीवर पांढरं कापड ताणायचं, त्यावर मापाचे चौकोन आखलेले, समोर दिवा. थोड्या वेळात पतंग कापडावर येऊन बसू लागतात. त्यांच्याबरोबर भुंगेरे आणि चिलटांपासून मोठाल्या किड्यांपर्यंत सगळेच येतात. संशोधक प्रत्येक पतंगाचा फोटो घेतात आणि चौकोनांवरून पंखांची मापं नंतर मोजतात. पतंग पकडून मारावा लागत नाही. लिओसिकलाच्या वेळी घेतलेली भूमिका इथे रोजच्या कामाची पद्धत झाली आहे. दिवसा दुसरे अभ्यासक झाडांमधून बारीक धाग्याची, डोळ्याला जवळजवळ न दिसणारी जाळी लावतात. त्यात अडकलेला पक्षी हलक्या हाताने सोडवून कापडी पिशवीत ठेवायचा, वजन करायचं, पायात क्रमांकाची कडी घालायची आणि सोडायचा. वर्षानुवर्षं चाललेल्या या कामातून लाकूडतोड झालेल्या रानात आणि तापत चाललेल्या हवामानात डोंगरातल्या पक्ष्यांचं काय होतं, हे आकड्यांत कळू लागलं आहे.

इथे जायचं असेल तर अरुणाचलचा इनर लाइन परवाना आणि वन खात्याची परवानगी आधी काढावी लागते. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चांगला काळ. पावसाळ्यात दरडी आणि जळवा दोन्ही अतोनात. मुक्काम तंबूत, मोबाइलचा भरवसा नाही, थंडी बोचरी. वाटाड्या स्थानिकच घ्यावा. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून लिओसिकलाला बोलावण्याचा मोह टाळावा. विणीच्या काळात आपली हद्द राखण्यात गुंतलेल्या मोजक्या जोड्यांना त्याचा थेट त्रास होतो. हा पक्षी आज ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे आणि त्याचं ज्ञात घर या काही उतारांपुरतंच आहे. आसामहून तवांगकडे जाणारा पर्यायी रस्ता ईगलनेस्टमधून नेण्याचा प्रस्तावही मध्यंतरी चर्चेत आला होता. सीमेची गरज खरी आहे, तसाच या उतारांचा नाजूकपणाही खरा आहे. इथली एखादी दरड किंवा वणवासुद्धा एका प्रजातीच्या मुळावर येऊ शकतो.

महाराष्ट्राने यातून घेण्यासारखं बरंच आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी, मंदिराच्या कुंडात एक नवा मासा सापडला, २०२० साली त्याला त्या नदीचं नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. सह्याद्रीत पाली, बेडूक, खेकडे, विंचू यांच्या नव्या प्रजाती दर वर्षी नोंदल्या जात आहेत. त्यातल्या अनेकांचं घर देवराईत, गावच्या सड्यावर किंवा खासगी मालकीच्या उतारावर आहे. तिथल्या माणसांना या नोंदीची वार्ताही बहुधा वर्तमानपत्रातूनच कळते. नव्या प्रजातीला नाव देताना त्यांना विचारावं, त्यांच्या गावात जाऊन त्यांच्या भाषेत शोध समजावून सांगावा, आणि राखणीचा हक्क व त्यातून येणारा पैसा त्यांच्या हाती द्यावा. बुगुनांनी हे करून दाखवलं आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडे मोठं सरकारी बळ नव्हतं. स्वतःची जमीन होती आणि ती राखायला त्यांना कारण मिळालं. आपल्या डोंगरांतल्या गावांनाही असंच कारण मिळायला हवं, आणि ते देण्याची जबाबदारी शोध लावणाऱ्यांची जितकी, तितकीच त्या शोधाची बातमी कौतुकाने वाचणाऱ्या आपलीही आहे.