गाडीतळावरची चाल

पुण्यातला मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या सोलापूर रस्त्याने हडपसरला येतात आणि गाडीतळाशी वाटा फुटतात. माउली सासवडला जायला दिवे घाटाकडे वळतात, तुकोबा लोणी काळभोरकडे. 'ज्ञानोबा-तुकाराम' हा गजर मी लहानपणी इथेच उचलला. पुढे तो व्हायोलिनवर घ्यायला बसले, तर सूर सगळे बरोबर लागले आणि गजर मात्र झाला नाही.

दिंडीत एकजण चाल सांगतो, दोन्ही रांगांतले टाळकरी ती उचलतात. भजनी ठेक्याच्या ८ मात्रांत दम कुठे घ्यायचा हे चालणारे पायच ठरवतात. व्हायोलिनला दम लागत नाही. गज उलटला की सूर पुढे चालूच, आणि तिथेच ही चाल मरते. प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'च्या ध्वनिमुद्रिका ऐका. शब्द नसताना शब्द ऐकू येतात, कारण अक्षर जिथे तुटतं तिथेच गज तुटतो. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत बाबूजींच्या गळ्याशेजारी बसून साथ केलेला हा हात! गजाननराव जोशी (१९११–१९८७) तर स्वतःच गवई. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही गायकी त्यांनी आत्मसात केल्या होत्या. आपल्याकडे व्हायोलिन गळ्याच्या मागून चाललं, हे मला त्याचं भाग्य वाटतं.

पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारा पंचमाच्या अंतराने चढत जातात. आपण मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो. डावा हात मोकळा होतो आणि एकाच बोटाने लांब मींड घेता येते. शिवाय दोन तारा षड्जाला, दोन पंचमाला लावलेल्या. त्यामुळे वरच्या जोडीवर जी बोटं, तीच खालच्या जोडीवर ठेवली की चाल जशीच्या तशी एक सप्तक खाली उतरते. गजरासाठी यासारखी सोय नाही: सांगणारा वर, उचलणारे खाली. विदेशी जुळणीत हेच करायला बोटांची मांडणी नव्याने बसवावी लागते.

कर्नाटक पद्धतीतही बैठक हीच. बाळुस्वामी दीक्षितरांपासून तिथे व्हायोलिन रुजलं. पण तिथल्या गमकांनी मी हा गजर वाजवून पाहिला, तेव्हा प्रत्येक स्वर झुलू लागला आणि पाऊल हरवलं. तो दोष गमकांचा नव्हे. ही चाल चालण्यासाठी जन्मली आहे, तिला सरळ उभा स्वर लागतो. मींडसुद्धा मी एकाच ठिकाणी ठेवली, टाळ क्षणभर थांबतात तिथे.

आता नवी चाल बसवायची असेल, तर व्हायोलिन घरी ठेवून गाडीतळावरून सासवड रस्त्याला लागते आणि चालत चालत मोठ्याने म्हणते. दम जिथे संपतो तिथे वहीत रेघ ओढते. घरी आल्यावर त्या रेघेवर गज उलटायचा.